गोव्यातून बदली घेताना दोन विद्यापीठांपैकी एक कसे निवडावे: बीकॉम-बीबीएच्या विद्यार्थ्यांसाठी

बीकॉम किंवा बीबीएचे पहिले वर्ष गोव्यात झाले, आता पुढचे शिक्षण पुण्याला किंवा मुंबईला घ्यायचे, असा विचार करणारी मुले दर उन्हाळ्यात भेटतात. दोन ठिकाणी चौकशी झालेली असते, दोन्हीकडून ‘या, होऊन जाईल’ असे तोंडी उत्तर आलेले असते आणि घरात चर्चा चाललेली असते ती नाव कुणाचे मोठे याची. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, पुण्याचे १९४९ चे, आपले ताळगावच्या पठारावरचे गोवा विद्यापीठ १९८५ चे. हे सगळे खरे आहे, पण बदली घेणाऱ्याला त्याचा फारसा उपयोग नाही.

बारावीनंतर प्रवेश घेणारा रिकाम्या हाताने जातो. बदली घेणाऱ्याच्या हातात दोन किंवा चार सेमिस्टरची कमाई असते. त्यातली किती नवे विद्यापीठ मान्य करते आणि तुम्हाला कोणत्या सेमिस्टरला बसवते, यावर तुमचे वर्ष, तुमचा खर्च आणि पुष्कळदा तुमची पहिली नोकरीही ठरते. म्हणून दोन्हीकडून क्रेडिटचा (प्रत्येक पेपरसाठी जमा होणाऱ्या एककांचा) लेखी हिशेब येईपर्यंत तुलना करूच नका. तोवर ती निव्वळ नावांची तुलना असते.

जायचे कशासाठी, ते आधी एका वाक्यात लिहा

कारण लिहिले की अर्ध्या वेळा निवड आपोआप सोपी होते. काही वेळा तर बदलीची गरजच नव्हती हे लक्षात येते.

सीए व्हायचे असेल तर फक्त त्यासाठी विद्यापीठ बदलू नका, हे मी ठामपणे सांगतो. सीएची परीक्षा देशभर एकच आहे. गोव्यात सीएच्या संस्थेची (आयसीएआयची) शाखा आहे, पणजी-मडगावच्या फर्ममध्ये आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालची सक्तीची उमेदवारी) होते, आणि २०२३ च्या नव्या योजनेत ती दोन वर्षांची झाली आहे. पदवीनंतर थेट इंटरमीडिएटला (सीएच्या मधल्या टप्प्याला) बसायचे असेल तर कॉमर्सच्या पदवीधराला ५५ टक्के लागतात. बदलीच्या गडबडीत टक्केवारी घसरली तर हाच दरवाजा बंद होतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या फर्मचा अनुभव हवा असेल तर आर्टिकलशिपच्या वेळी जा. पदवीच्या मधोमध जायला कारण नाही.

शेअर बाजार, बँकिंग, विमा, जाहिरात यांत शिरायचे असेल तर मुंबईचे वजन खरे आहे, कारण इंटर्नशिपची ठिकाणे लोकलच्या अंतरावर असतात. उत्पादन, वाहन उद्योग, आयटी कंपन्यांतले फायनान्स किंवा एचआर हवे असेल तर पुणे. हॉटेल व्यवसाय, औषध कंपन्या किंवा बंदराशी जोडलेली लॉजिस्टिक्स हवी असेल तर वेर्णा, कुंडई आणि मुरगाव तुमच्या दारात आहेत. तेव्हा बाहेर जाण्याआधी दोनदा विचार करा. आणि घरचे दुकान किंवा धंदा पुढे चालवायचा असेल तर बाहेरची दोन वर्षे नक्की काय शिकवतील, याचे उत्तर आई-बाबांच्या समोर बसून शोधा.

‘इथे कंटाळा आला’ हेही कारण असू शकते आणि ते लपवू नये. मात्र अशा वेळी पदवी इथेच पूर्ण करून एमबीए किंवा एमकॉमला बाहेर जाणे जवळपास नेहमी स्वस्त आणि सुरक्षित पडते.

कोर्सचे नाव अक्षर न अक्षर वाचा

२०२४-२५ पासून बीबीए, बीएमएस (बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) आणि बीसीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेच्या) कक्षेत आले. महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) सुरू झाली. त्यानंतर बऱ्याच महाविद्यालयांनी जवळपास तोच कोर्स बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज अशा नावाने चालवायला घेतला. त्यामुळे वर्षभरापूर्वी तिथे शिकलेला तुमच्या ओळखीचा मुलगा ‘मी बीएमएस केले’ म्हणाला, तरी आज त्याच वर्गात तुमच्या पदवीवर वेगळे नाव येऊ शकते.

तुम्ही इथे बीबीएला असाल आणि तिथे बीकॉमच्या कुठल्यातरी शाखेत घेणार असतील, तर तो कागदोपत्री कोर्सबदल ठरतो आणि क्रेडिटची कापाकापी वाढते. दोन्ही कॉलेजांना तीन गोष्टी विचारा: पदवीवर छापले जाणारे नेमके नाव काय, त्या कोर्सला एआयसीटीईची मान्यता लागते का आणि लागत असेल तर या वर्षीची आहे का, आणि थेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाला परराज्यातल्या विद्यार्थ्यासाठी जागा आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर बाकी चौकशीत वेळ घालवू नका.

क्रेडिटचा हिशेब: इथे पूर्ण एक दिवस द्या

सगळीकडे राष्ट्रीय शिक्षण धोरण आले, सगळीकडे क्रेडिट आली, म्हणजे आता सगळे सारखे, असा समज पसरला आहे. एकक सारखे आहे: व्याख्यानाच्या १५ तासांना एक क्रेडिट, म्हणजे चार क्रेडिटचा पेपर साठ तासांचा. पण रकाने सारखे नाहीत.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट आहेत. त्यातली ६० मुख्य विषयाची, २४ गौण विषयाची, ९ बहुविद्याशाखीय पेपरांची, ८ भाषेसारख्या क्षमतावर्धक पेपरांची, ९ कौशल्याची आणि उरलेली मूल्यवर्धित पेपर व इंटर्नशिपची. वर्षाला साधारण ४० पडतात. महाराष्ट्राने आपला आराखडा थोडा वेगळा केला आहे. तिथे वर्षाला ४० ते ४४ आणि तीन वर्षांना १२० ते १३२ क्रेडिट असतात. शिवाय भारतीय ज्ञान प्रणाली, व्यावसायिक कौशल्य, ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतला निवडीचा पेपर), सामाजिक उपक्रम असे तिथले स्वतंत्र रकाने आहेत.

हे प्रत्यक्षात कसे दिसते ते बघा. समजा तुम्ही पहिल्या वर्षाची ४० क्रेडिट घेऊन निघालात आणि नव्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला ४४ लागतात. चार तर पहिल्या दिवसापासून कमी. भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर तुम्ही केलेला नाही, तो मागून करावा लागेल. तुमचा तीन क्रेडिटचा बहुविद्याशाखीय पेपर ते दोन क्रेडिटच्या ओपन इलेक्टिव्हमध्ये बसवतील, म्हणजे एक क्रेडिट वाया. भाषेच्या पेपरला तुम्ही कोकणी घेतली असेल तर ती ते कुठल्या रकान्यात धरतात हे विचारावेच लागते. आणि मुख्य विषयात पहिल्या वर्षी तुम्ही व्यवस्थापनाची तत्त्वे शिकलात, पण तिथे ती दुसऱ्या वर्षाला असतील, तर एक पेपर दोनदा शिकण्याची पाळी येते आणि त्यांचा पहिल्या वर्षाचा एक पेपर राहून जातो.

म्हणून कोरी वही घ्या आणि आडव्या पानावर पाच रकाने आखा: माझा पेपर, क्रेडिट, मिळालेली श्रेणी, त्यांचा सर्वांत जवळचा पेपर, त्यांची क्रेडिट. दोन विद्यापीठांसाठी दोन पाने. पेपरच्या नावावर जाऊ नका, अभ्यासक्रमाच्या युनिटपर्यंत जा. ‘कॉस्ट अकाउंटिंग’ या नावाखाली एकीकडे फक्त साहित्य, मजुरी आणि वरखर्च असतो, दुसरीकडे त्यात मार्जिनल कॉस्टिंग आणि बजेटही असते. सरसकट नियम नसला तरी बहुतेक ठिकाणी बराचसा भाग जुळला तरच पेपर मान्य होतो. जिथे युनिट जुळत नाहीत तिथे पेन्सिलीने खूण करा. त्या खुणा मोजल्या की कुठे किती ओझे पडणार हे कळते, तेही कुणी सांगण्याआधी.

आता एक नियम, जो मुलांना फार उशिरा कळतो. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या (विद्यार्थ्यांची क्रेडिट जमा ठेवणाऱ्या राष्ट्रीय डिजिटल बँकेच्या) २०२१ च्या नियमांनुसार पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. पहिल्या वर्षानंतर जाणाऱ्याला याचा त्रास नाही: १२० पैकी ४० बरोबर नेली तरी ८० तिथे होतात. पण दुसरे वर्ष संपवून ८० क्रेडिट घेऊन निघालात, तर निम्म्याच्या हिशेबाने त्यातली ६० च कामाला येतात. वीस क्रेडिट, म्हणजे आख्खे एक सेमिस्टर, पुन्हा. तोच विद्यार्थी चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला जात असेल तर १६० पैकी ८० म्हणजे बरोबर निम्मी, हिशेब जुळतो. तेव्हा बदली करायचीच असेल तर पहिल्या वर्षानंतर करा, आणि दुसऱ्यानंतर करत असाल तर चार वर्षांच्या पदवीचाच विचार करा. हा नियम ते विद्यापीठ बदलीच्या विद्यार्थ्याला नेमका कसा लावते, हे मात्र दोन्हीकडे लेखी विचारा.

या क्रेडिट बँकेत जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत वापरता येतात. तुमचा अपार क्रमांक (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक) चालू आहे का आणि गेल्या सगळ्या सेमिस्टरची क्रेडिट डिजिलॉकरमध्ये दिसतात का, ते आजच उघडून बघा. एखादे सेमिस्टर दिसत नसेल तर कॉलेजच्या ऑफिसात आत्ता जा. जून-जुलैत तिथे नव्या प्रवेशांची रांग असते आणि तुमच्याकडे बघायला कुणालाही वेळ नसतो.

पात्रता विभागाला पत्र

कॉलेजचा काउंटर सांगतो ते विद्यापीठाला बंधनकारक नसते. निर्णय विद्यापीठाचा पात्रता विभाग घेतो. कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र द्या आणि त्याची प्रत पात्रता विभागाला ईमेलने पाठवा. मजकूर लांबलचक नको:

‘मी गोवा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात बीकॉमचे पहिले वर्ष पूर्ण केले आहे. ४० क्रेडिट मिळाली असून एकही विषय बाकी नाही. आपल्याकडे तिसऱ्या सेमिस्टरला प्रवेश घेण्याची इच्छा आहे. गुणपत्रिका आणि प्रत्येक पेपरचा अभ्यासक्रम सोबत जोडला आहे. कृपया पुढील बाबी कळवाव्यात: कोणते पेपर मान्य होतील, कोणते मागून करावे लागतील, ते कोणत्या सेमिस्टरमध्ये करता येतील, आणि माझे आधीचे गुण अंतिम सीजीपीएत धरले जातील की फक्त सूट मिळेल.’

सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या श्रेणींची एकत्रित सरासरी, म्हणून शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका. काही ठिकाणी जुने गुण पुढे नेतात, काही ठिकाणी नुसती ‘उत्तीर्ण’ अशी नोंद होऊन अंतिम सीजीपीए उरलेल्या सेमिस्टरवरच निघतो. पहिल्या वर्षी चांगले गुण मिळाले असतील तर जिथे ते धरले जातात तिथे तुमचा फायदा. पहिले वर्ष कच्चे गेले असेल तर उलट. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के लागतात, म्हणून त्या वाटेने जाणाऱ्याला तर हे आधी कळायलाच हवे.

दोघांपैकी एकाचे उत्तर आठवड्यात आले आणि दुसऱ्याचे तीन स्मरणपत्रांनंतरही आले नाही, तर तेही तुमच्या वहीत लिहा. बदलीच्या विद्यार्थ्याचे काम वर्षभर त्याच ऑफिसात पडणार असते.

पैसा

फी शेजारी शेजारी ठेवून तुलना करू नका. पदवी हातात पडेपर्यंतचा एकूण खर्च काढा: उरलेल्या सेमिस्टरची फी, मागून करायच्या पेपरांची फी, पात्रता आणि मायग्रेशनचे (विद्यापीठ सोडल्याच्या दाखल्याचे) शुल्क, पीजी किंवा फ्लॅटचे डिपॉझिट आणि भाडे, मेस, स्थानिक प्रवास, घरी येण्याजाण्याचा खर्च. भाडे अकरा महिन्यांच्या कराराने धरा, कारण सुट्टीत खोली सोडली तर परत मिळेलच असे नाही. मग एका विद्यापीठात एक सेमिस्टर जास्त लागणार असेल तर त्या सहा महिन्यांचे भाडे आणि मेस त्याच बाजूला मिळवा. कमी फीचे कॉलेज इथेच पुष्कळदा महाग ठरते.

राखीव प्रवर्गातल्या मुलांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. गोव्याचा जातीचा दाखला महाराष्ट्रातल्या राज्य आरक्षणाला चालत नाही, तिथे तुम्ही परराज्यातले उमेदवार ठरता. इथे मिळणारी फी-सवलत तिथे गृहीत धरू नका. गोव्याची शिष्यवृत्ती राज्याबाहेर शिकताना चालू राहते का, ते संबंधित खात्यात विचारा. कर्ज काढायचे असेल तर गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त कर्ज योजना आधी बघा. मधल्या वर्षात प्रवेश घेणाऱ्याला ती लागू होते का, हा प्रश्न तिथे मुद्दाम करा. केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक संस्थांपुरती आहे, त्यामुळे तुमच्या दोन संस्थांपैकी एक यादीत आणि दुसरी बाहेर असे होऊ शकते. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर त्यात व्याजदरात ३ टक्क्यांची सवलत मिळते, आणि तेवढ्यानेही पारडे बदलू शकते.

गोव्यात सरकारी नोकरीचा विचार असेल तर १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्याबाबत मामलेदार कार्यालयात आधीच विचारून घ्या. आई-बाबांना ही काळजी असतेच आणि ती रास्त आहे.

जाऊन बघा, पण बरोबर माणसांना भेटा

प्रवेशाचा काळ पावसाळ्यात येतो. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक संथ असते, म्हणून मुंबईला मांडवी किंवा कोकणकन्याने जायचे असेल तर कागदपत्रांच्या शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी निघू नका. पुण्याला वास्कोहून गोवा एक्स्प्रेस लोंढा, बेळगाव, मिरजमार्गे जाते. हा प्रवास पुढची दोन वर्षे तुम्हालाच करायचा आहे, चवथीला तर तिकीट मिळवण्यासाठी धडपडत. परीक्षांचे वेळापत्रक चतुर्थीच्या किती जवळ येते तेही गेल्या वर्षीच्या तारखांवरून बघा. घरी गणपतीला पोचता न येणे ही काही मुलांना फार जड जाणारी गोष्ट असते, आणि ती निवडीत धरायला काहीच हरकत नाही.

कॅम्पस बघताना इमारतीपेक्षा तिघांना शोधा. पहिला, बदली घेऊन आलेला विद्यार्थी, शक्यतो परराज्यातला: त्याला विचारा की पात्रता प्रमाणपत्र हातात पडायला किती वेळ लागला आणि मागचे पेपर वर्गात बसून केले की नुसती परीक्षा दिली. दुसरे, तुमच्या विषयाचे प्राध्यापक: मागून करायच्या पेपरचे तास तुमच्या चालू तासांवर आदळतात का. तिसरा, प्लेसमेंटचे काम बघणारा माणूस: बदलीच्या विद्यार्थ्याला तिथल्या पहिल्या वर्षापासूनच इंटर्नशिप मिळते का, आणि किमान सीजीपीएच्या अटीत जुने विद्यापीठ कसे मोजतात. ‘१०० टक्के प्लेसमेंट’ असे ऐकलेत तर वर्गात किती मुले होती, त्यातल्या किती जणांनी नाव नोंदवले आणि कोणत्या हुद्द्यावर गेली, हे विचारा. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचा आकडा लिहूच नका.

नॅकची (उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) श्रेणी बघा, पण ती कोणत्या वर्षी मिळाली तेही बघा. ती साधारण पाच वर्षांसाठी असते. नामांकित विद्यापीठाशी संलग्न असलेले दुय्यम कॉलेज आणि कमी चर्चेतल्या विद्यापीठाचे चांगले स्वायत्त कॉलेज यांत निवड आली, तर मी कॉलेज बघेन. तुम्हाला शिकवणारे, इंटर्नशिपचे पत्र देणारे आणि शिफारस लिहिणारे लोक कॉलेजातच असतात.

ठरवताना

माझा क्रम असा. ज्या विद्यापीठात एक सेमिस्टर वाया जाते ते बाजूला ठेवा, जर दुसऱ्यात जात नसेल तर. दोन्हीकडे सारखेच नुकसान असेल तर तुम्ही पहिल्याच वाक्यात लिहिलेल्या कारणाला जवळचे शहर निवडा. तिथेही बरोबरी असेल तर कमी खर्चाचे घ्या. नावाचा विचार सर्वांत शेवटी. याला एकच अपवाद मला मान्य आहे: परदेशी उच्च शिक्षण नक्की असेल आणि तिथले विद्यापीठ तुमच्या संस्थेला ओळखते याची खात्री केली असेल, तर नावासाठी एक सेमिस्टर सोसता येते.

आणि ‘गोव्यातच राहणे’ हाही पर्याय वहीत तिसरे पान म्हणून ठेवा. यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे. इथली पदवी चालू ठेवून मान्यताप्राप्त ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाचा दुसरा कोर्स करणे काहींच्या गरजेला बदलीपेक्षा चांगले बसते.

कागद, याच क्रमाने

मायग्रेशन आणि टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) सर्वांत शेवटी काढा. टीसी घेतली की इथली जागा सुटते, आणि तिकडे पात्रता नाकारली गेली तर तुम्ही दोन्हीकडून बाहेर पडता. आधी गुणपत्रिका आणि अभ्यासक्रमाच्या साक्षांकित प्रती, मग चारित्र्य दाखला आणि ना-हरकत, मग नव्या विद्यापीठाची तात्पुरती पात्रता, मग फी, आणि त्यानंतर इथल्या कॉलेजची टीसी व गोवा विद्यापीठाचे मायग्रेशन. बॅकलॉग, म्हणजे केटी, असेल तर पुरवणी परीक्षेचा निकाल लागेपर्यंत थांबा. ‘केटीसह घेऊ’ असे तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

मूळ कागद कोणत्याही कॉलेजने ठेवून घेऊ नयेत, असे यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेत आहे. पडताळणीला दाखवा आणि परत घ्या. त्याच अधिसूचनेत फी परतीचा तक्ता आहे: प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क वजा करून पूर्ण फी, त्यानंतर शेवटच्या तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, नंतर काही नाही. एखाद्या वर्षी यूजीसी वेगळ्या तारखा जाहीर करते, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक बघून घ्या. दोन्ही ठिकाणी जागा धरून ठेवायची असेल तर या तारखा कॅलेंडरवर लिहा.

नवा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) मिळाला की आठवडाभरात दोन गोष्टी तपासा. तो तुमच्या अपार क्रमांकाशी जोडला गेला आहे का, आणि मान्य झालेल्या पेपरांची यादी विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे पोचली आहे का. तिथल्या पहिल्या सेमिस्टरचा परीक्षा अर्ज भरताना मागचे पेपर त्यात वेगळे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर तो अर्ज तसाच सादर करू नका, पात्रतेचे पत्र घेऊन त्याच दिवशी परीक्षा विभागात जा.